चालणारं मूल पुन्हा भिंत धरायला लागलं तर: मेटाक्रोमॅटिक ल्युकोडिस्ट्रॉफी, तपासण्यांपासून घरच्या देखभालीपर्यंत

मूल उशिरा चालायला लागणं वेगळं आणि चालतं झालेलं मूल पुन्हा भिंत धरायला लागणं वेगळं. पहिल्यात थोडी वाट बघता येते, दुसऱ्यात नाही. ‘त्याचे बाबाही दोन वर्षांचे होईपर्यंत चालले नव्हते’ असं आजी म्हणते आणि ते खरंही असतं. पण बाबा एकदा चालायला लागल्यावर थांबले नव्हते. चालणं, दोन शब्दांचं वाक्य, चमच्याने खाणं, यातलं आलेलं काहीही जायला लागलं तर पुढच्या लसीच्या तारखेपर्यंत थांबायचं नाही. त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडून मुलांच्या न्यूरॉलॉजिस्टसाठी चिठ्ठी घ्यायची. दृष्ट काढायची असेल तर जरूर काढा, पण अपॉइंटमेंट आधी घ्या.

अशा आजारांची यादी मोठी आहे. इथे मुख्यतः मेटाक्रोमॅटिक ल्युकोडिस्ट्रॉफीबद्दल, म्हणजे एमएलडीबद्दल लिहिलं आहे. ल्युकोडिस्ट्रॉफी म्हणजे मेंदूतल्या नसांचं वेष्टण बिघडवणारा आनुवंशिक आजार. तिच्यासारख्या दिसणाऱ्या इतर आजारांचा उल्लेख गरजेपुरता येईल.

आत नेमकं काय बिघडतं

मेंदूतल्या आणि हातापायांतल्या नसांच्या तंतूंवर मायलिनचं वेष्टण असतं. ते शाबूत असताना संदेश फास्ट लोकलसारखा मधली स्टेशनं गाळत धावतो. वेष्टण गेलं की त्याचा वेग पडतो आणि पुढे पुढे तो पोचतच नाही.

मायलिनमध्ये सल्फाटाइड नावाचा एक मेद असतो. जुना सल्फाटाइड मोडण्याचं काम पेशींमधल्या लायसोसोममध्ये, म्हणजे कचरा मोडणाऱ्या पिशव्यांमध्ये चालतं. तिथे अरिलसल्फाटेज-ए हे एन्झाइम त्याचा सल्फेटचा तुकडा काढतं, मग उरलेल्याची विल्हेवाट लागते. हे एन्झाइम कसं बनवायचं याची कृती २२व्या गुणसूत्रावरच्या एआरएसए या जीनमध्ये असते. आईकडून आणि बाबांकडून आलेल्या दोन्ही प्रती सदोष असतील तर सल्फाटाइड मोडला जात नाही, साठत जातो आणि मायलिन बनवणाऱ्या पेशीच मरायला लागतात. साठायला वेळ लागतो, म्हणून जन्मतः मूल ठणठणीत असतं, हसतं, बसतं, बहुतेकदा चालतंही.

मायलिन बनवणाऱ्या पेशी दोन जागी असतात: मेंदू-मज्जारज्जूत ऑलिगोडेंड्रोसाइट आणि बाहेरच्या नसांवर श्वान पेशी. एमएलडीत दोन्ही मरतात, त्यामुळे तपासणीत एक विचित्र जोडी सापडते. पाय ताठर होत चाललेले असतात, तळव्यावर रेघ ओढली की अंगठा वर जातो, म्हणजे बिघाड मेंदूकडचा. पण गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडत नाही, म्हणजे बाहेरची नसही गेलेली. ही जोडी दिसली की अनुभवी डॉक्टर लगेच सावध होतात. नुसती सेरेब्रल पाल्सी (सीपी, म्हणजे लहानपणीच मेंदूला झालेली, पुढे न वाढणारी इजा) असती तर गुडघा उलट जास्तच उडाला असता. शिवाय सेरेब्रल पाल्सीत आलेलं कौशल्य असं घसरत जात नाही. तरीही अशा मुलांच्या फायलीवर पहिली काही वर्षं ‘सीपी’ हाच शिक्का दिसतो.

सुरुवात अडीच वर्षांच्या आत झाली तर तिला लेट इन्फन्टाइल प्रकार म्हणतात. मूल वारंवार पडतं, चवड्यांवर चालतं, पाय लुळे वाटतात आणि पुढे ताठर होतात. मग बोलणं, गिळणं आणि नजर जाते. अडीच ते सोळा वर्षांदरम्यान सुरू होणारा ज्युव्हेनाइल प्रकार बरेचदा आधी शाळेत दिसतो. अक्षर बिघडतं, वर्गात लक्ष नसतं, स्वभाव बदलतो. या मुलांना आधी ओरडा बसतो, मग ट्यूशन लागते आणि एमआरआय फार उशिरा होतो.

डॉक्टरांकडे जाण्याआधी

ओपीडीतल्या दहा मिनिटांत दमलेलं मूल चालून दाखवेलच असं नाही. म्हणून व्हिडिओ घरीच काढून न्या. मूल अनवाणी, चड्डी गुडघ्याच्या वर. फोन मुलाच्या गुडघ्याच्या उंचीवर ठेवा. दोन-तीन मीटर चालणं समोरून, मागून आणि बाजूने टिपा. जमिनीवरून उठणं, वाटीतले कुरमुरे चिमटीने उचलणं आणि ओळखीच्या वस्तूंची नावं सांगणं हेही घ्या. दर पंधरा दिवसांनी त्याच जागी पुन्हा काढा. शेजारी पहिल्या वाढदिवसाचा जुना व्हिडिओ ठेवलात तर डॉक्टरांना घसरण डोळ्यांनी दिसते. पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा आणि फाइलला तारखेचं नाव द्या, नाहीतर चित्र दाबलं जातं आणि तारीखही हरवते.

एका कागदावर दोन रकाने: काय कोणत्या महिन्यात आलं, काय कोणत्या महिन्यात गेलं. खाली तीन पिढ्यांचं नातं. लहानपणी गेलेली भावंडं, ‘ताप डोक्यात गेला’ असं सांगितलं जाणारी चुलत-मावस मुलं, सगळी लिहा. आईबाबा एकमेकांचे मामे-आते भावंड असतील तर स्पष्ट सांगा. आपल्याकडे मामाची मुलगी करायची पद्धत आहे, डॉक्टरांना त्यात नवल वाटत नाही, उलट तपासाची दिशा मिळते. नातं नसेल पण दोन्ही घरांचं गाव किंवा जात एकच असेल तर तेही सांगा. याचं मुंबईतलंच उदाहरण आहे: डोकं मोठं होत जाणारी आणि सावकाश वाढणारी एक ल्युकोडिस्ट्रॉफी अग्रवाल समाजात जास्त दिसते, हे इथले न्यूरॉलॉजिस्ट डॉ. भीम सिंघल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात मांडलं. आज त्या समाजातलं मोठ्या डोक्याचं मूल आलं की एमएलसी-१ हा जीन आधी तपासला जातो.

तपासण्या: क्रम आणि चुका

आधी बरे होऊ शकणारे आजार बाजूला काढायचे. निव्वळ अंगावरच्या दुधावर वाढलेलं बाळ आणि आईच्या आहारात दूध-मांस-अंडी जवळपास नाहीत अशी स्थिती असेल तर बी-१२च्या कमतरतेनेही बाळ शिकलेलं विसरतं. ती इंजेक्शनांनी भरून निघते आणि आपल्याकडे दुर्मीळ नाही. बायोटिनिडेजची (बायोटिन हे जीवनसत्त्व शरीराला पुन्हा वापरू देणाऱ्या एन्झाइमची) कमतरता आणि थायरॉइड हेही रक्तातून कळतात. चार ते दहा वर्षांचा मुलगा असेल, वागणं बदललं असेल आणि त्वचा, विशेषतः हिरड्या आणि हाताच्या रेषा, काळवंडत असेल तर अ‍ॅड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफी डोक्यात ठेवून रक्तातली अतिलांब साखळीची मेदाम्लं तपासतात. त्यात अ‍ॅड्रिनल ग्रंथी (मूत्रपिंडाच्या वर बसलेली) निकामी होते आणि साध्या उलटी-जुलाबातही जीव धोक्यात येऊ शकतो, म्हणून तिथे दिरंगाई नको.

एमआरआयमध्ये वाढलेल्या मुलाच्या मेंदूतला मायलिनचा ‘पांढरा भाग’ टी-२ नावाच्या चित्रात गडद दिसायला हवा. एमएलडीत तो दोन्ही बाजूंना सारखाच उजळ दिसतो, आणि मधूनमधून गडद पट्टे राहिले तर रिपोर्टमध्ये ‘टायग्रॉइड’, म्हणजे वाघाच्या पट्ट्यांसारखं, असं लिहितात. अगदी सुरुवातीला एमआरआय नॉर्मल येऊ शकतो. अशा वेळी नसांचा वेग मोजणारी एनसीव्ही तपासणी आधीच मंदावलेली सापडते, म्हणून दोन्ही एकत्र मागा. लहान मुलाला एमआरआयसाठी झोपेचं औषध द्यावं लागतं. साधारण नियम असा: गाईचं दूध आणि हलकं खाणं सहा तास आधी बंद, आईचं दूध चार तास, साधं पाणी दोन तास. तुमच्या हॉस्पिटलने वेगळी वेळ सांगितली असेल तर तीच पाळा. ‘रडतोय म्हणून दोन बिस्किटं दिली’ इतक्याने नंबर रद्द होतो, आणि पालिकेच्या हॉस्पिटलात पुढचा नंबर लगेच मिळत नाही.

मग एन्झाइमची रक्ततपासणी. यात दोन जागी घोळ होतो.

पहिला घोळ नमुन्याचा. एन्झाइम जिवंत पांढऱ्या पेशींमध्ये मोजतात, त्यामुळे रक्त ताजं पोचलं पाहिजे आणि गोठवलेलं चालत नाही. आठवड्याच्या सुरुवातीला, सकाळी द्या. शुक्रवारी संध्याकाळी दिलेलं रक्त रविवारभर कुरिअरच्या पिशवीत पडून राहिलं की एन्झाइम खोटं कमी दिसतं. म्हणून लॅबने सोबत दुसरं एखादं एन्झाइम मोजलं आहे ना ते रिपोर्टमध्ये बघा. तेही कमी असेल तर नमुनाच खराब झालेला असू शकतो. ते दुसरं एन्झाइम सल्फाटेज गटातलं असेल तर आणखी एक शक्यता उरते, मल्टिपल सल्फाटेज डेफिशियन्सी. जीनसाठीचं रक्त साधारणपणे जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये जातं, एन्झाइमसाठी कोणती ट्यूब ते लॅबला आधी विचारा. मुलाला नुकतंच रक्त चढवलं असेल तर न विचारता सांगा.

दुसरा घोळ अर्थ लावण्याचा. काही पूर्ण निरोगी माणसांमध्येही हे एन्झाइम नॉर्मलच्या ५ ते २० टक्केच असतं आणि त्यांना कधीच काही होत नाही. याला सुडोडेफिशियन्सी म्हणतात. म्हणून नुसतं ‘एआरएसए कमी’ एवढ्यावर एमएलडीचा शिक्का मारायचा नाही. सोबत लघवीतला सल्फाटाइड वाढलेला हवा आणि जीनमध्ये दोन्ही प्रतींवर आजार करणारे बदल सापडायला हवेत. उलटही घडतं. एमआरआय एमएलडीसारखा, लघवीत सल्फाटाइड भरपूर, पण एन्झाइम नॉर्मल. अशा वेळी त्या एन्झाइमला मदत करणारं सॅपोसिन-बी नसतं आणि तपासायचा जीन पीएसएपी असतो.

जीनच्या रिपोर्टमध्ये दोन बदल सापडले तरी ते एकाच प्रतीवर आहेत की दोन वेगवेगळ्या, हे आईबाबांचं रक्त तपासल्याशिवाय ठरत नाही. मुलासोबत त्याच दिवशी दोघांनीही रक्त देऊन टाका. ‘व्हीयूएस’ लिहिलेला बदल म्हणजे अर्थ न लागलेला बदल. त्याच्या आधारावर गर्भाबद्दल निर्णय घ्यायचा नसतो.

उपचार, आणि भावंडं

इथे गोड बोलण्यात अर्थ नाही. लक्षणं दिसायला लागलेल्या लेट इन्फन्टाइल मुलाचं गेलेलं मायलिन परत आणणारं औषध नाही. युरोपात २०२० मध्ये आणि अमेरिकेत २०२४ मध्ये एक जीन थेरपी मंजूर झाली. मुलाच्याच रक्तपेशींच्या मूळ पेशी (स्टेम सेल) काढतात, विषाणूच्या वाहकातून त्यांत चांगला एआरएसए जीन घालतात आणि केमोथेरपीनंतर परत देतात. अमेरिकेत २०२४ मध्ये तिची जाहीर किंमत ४२.५ लाख डॉलर होती. ती लक्षणं सुरू होण्याआधीच्या मुलांसाठी आहे. फक्त लवकर सुरू होणाऱ्या ज्युव्हेनाइल प्रकारात अगदी प्राथमिक लक्षणांतही ती देता येते. दुसऱ्याचा बोन मॅरो देण्यामागचं गणितही तसंच: दात्याच्या पेशी मेंदूत पोचून कामाला लागायला बरेच महिने जातात आणि धावत्या आजाराला तेवढा धीर नसतो.

म्हणून आजारी मुलाचं निदान पक्कं झालं की त्याच आठवड्यात धाकट्या भावंडाची तपासणी. धडधाकट दिसतंय म्हणून सोडायचं नाही, वेळ हातात असलेलं मूल घरात तेच असतं. प्रत्येक भावंडाला आजार असण्याची शक्यता २५ टक्के.

मुंबईत यासाठीचं दार परळला आहे. केईएम हॉस्पिटल हे २०२१च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाखालचं मान्यताप्राप्त केंद्र आहे. धोरणातल्या आजारांसाठी अशा केंद्रामार्फत ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते, आणि काही लायसोसोमल आजारांत तसंच सुरुवातीच्या अ‍ॅड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफीत मूळ पेशींचं प्रत्यारोपण त्यात बसतं. मुलांचं वाडिया हॉस्पिटल तिथून जवळच आहे. मध्य रेल्वेने येणाऱ्यांनी परळला आणि पश्चिम रेल्वेने येणाऱ्यांनी प्रभादेवीला उतरावं. मूल उचलून आणायचं असेल तर ऑफिसच्या वेळेची गर्दी टाळून दिव्यांगांच्या डब्यातून या.

प्रत्यारोपण वेगळं आणि ‘स्टेम सेलची इंजेक्शनं’ वेगळी. मणक्यात टोचून मेंदू सुधारण्याचं पॅकेज विकणाऱ्यांना पैसे देऊ नका. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) मार्गदर्शक सूचनांनुसार असा वापर संशोधनाबाहेर करता येत नाही, आणि संशोधनासाठी रुग्णाकडून पैसे घेत नाहीत.

घरी: खाणं, ताठरपणा, दुखणं, आकडी

सगळ्यात जास्त लक्ष गिळण्याकडे द्या, कारण या मुलांना न्यूमोनिया बरेचदा ताटातून होतो. धोका फक्त घट्ट घासाचा आहे असा समज असतो. खरं तर पाणी सर्वांत अवघड, ते वेगाने घशात उतरतं आणि श्वासनलिका बंद व्हायला वेळच मिळत नाही. त्याच्या खालोखाल पातळ वरण आणि मोकळा भात: मूल शितं चघळत असताना वरणाचं पाणी मागे सांडतं. भात-वरण एकजीव घोटून, चमचा तिरका केला तर सावकाश घसरेल इतकं दाट करा. नाचणीचं सत्त्व, खिमट, घोटलेला दहीभात चालतो. पेज द्यायची असेल तर गाळून वरचं पाणी नको, शितांसकट मिक्सरमधून काढा. वर चमचाभर तूप घाला, कमी घासांत जास्त उष्मांक जातात.

मांडीवर आडवं घेऊन भरवू नका. पाठ ताठ, हनुवटी किंचित खाली, भरवणाऱ्याचे डोळे मुलाच्या डोळ्यांच्या पातळीत. उभं राहून भरवलं की मूल मान वर करतं आणि श्वासमार्ग उघडा पडतो. खाल्ल्यावर अर्धा तास बसतंच ठेवा. ठसका, जेवताना ओला घोगरा आवाज, एका जेवणाला अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ किंवा महिन्याच्या वजनात घट, यातलं काहीही दिसलं तर गिळण्याची तपासणी करून घ्या. पोटातून नळी घालायचा सल्ला मिळाला की घरात ‘म्हणजे आता शेवटचं का’ असा सूर लागतो. तसं नसतं. नळी मूल अजून वजन धरून असताना घातली तर भूल सोसते आणि औषधं वेळेवर पोटात जातात. आवडीची चव जिभेवर लावणं नंतरही चालू ठेवता येतं.

ताठरपणासाठी बहुधा बॅक्लोफेन लिहून देतात. ते एकदम बंद करायचं नाही, गावी जाताना बाटली विसरली तरी फिट्स आणि प्रचंड ताठरपणा येऊ शकतो. एक पट्टी पर्समध्ये वेगळी ठेवा. घोट्याचे स्प्लिंट (पाऊल सरळ धरणारे आधार) आणि बसायची खुर्ची हाजीअलीच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशनमध्ये मोजून घेता येतात. स्प्लिंट काढल्यावर उठलेली लाली वीस मिनिटांत गेली नाही तर तो टोचतो आहे, दुरुस्त करून घ्या. कमरेच्या सांध्याचा एक्स-रे डॉक्टर ठरवतील त्या अंतराने करत राहा, खुबा सरकणं बाहेरून लवकर कळत नाही.

न बोलणारं मूल तासन् तास रडत असेल तर ‘आजारच असा आहे’ म्हणून सोडून देऊ नका. दात, कान, शौचाचे खडे, लघवी, खुबा असं एकेक तपासा. एमएलडीत पित्ताशयाच्या भिंतीतही सल्फाटाइड साठतो, तिथे पॉलिप, म्हणजे छोट्या मांसल गाठी होतात. त्यामुळे पोटाची सोनोग्राफी सुरुवातीलाच आणि पुढे ठरावीक काळाने करायची असते. हे बऱ्याच फायलींमध्ये राहून जातं.

आकडी आली की कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांवर गेली तर मिडाझोलामचा नाकातला स्प्रे. किती पफ ते वजनावरून डॉक्टर लिहून देतात, तो आकडा बाटलीवरच चिकटवा आणि वजन वाढलं की बदलून घ्या. थांबली नाही तर १०८.

कागदपत्रं

‘स्वावलंबन’ पोर्टलवर यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी) अर्ज करा. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असेल तर बहुतेक सवलती लागू होतात. फक्त चालण्याचं नव्हे, बुद्धी, दृष्टी आणि बोलण्याचंही मूल्यमापन मागा. मूल बहुविकलांग ठरलं तर नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारी संस्थेच्या निरामय योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो आणि त्यात थेरपीचाही काही खर्च बसतो. आजार वाढत जाणारा आहे हे डॉक्टरांच्या पत्रात लिहून घ्या, म्हणजे टक्केवारी पुन्हा ठरवून घेताना वाद होत नाही.

पुढचं बाळ आणि बाकीचे नातेवाईक

गर्भाची तपासणी करायची तर आधी आजारी मुलाचे दोन्ही जीनबदल हातात असायला हवेत. दिवस राहिल्यावर शोध सुरू केला तर वेळ पुरत नाही. वारेचा नमुना साधारण ११ ते १३ आठवड्यांत घेतात, गर्भजलाचा १५ आठवड्यांनंतर. त्यात लॅबचे दिवस मिळवा. तपासणी नोंदणीकृत केंद्रातच होते, संमतीपत्रावर सही लागते आणि लिंग सांगितलं जात नाही. एमएलडीसाठी नुसत्या एन्झाइमवर गर्भाचा निर्णय घेऊ नये, सुडोडेफिशियन्सीचा घोळ तिथेही असतो. मूल खूप आजारी असेल आणि जीनचा रिपोर्ट अजून आला नसेल तर त्याचा डीएनए लॅबमध्ये साठवून ठेवायची लेखी विनंती आताच करा.

आईबाबा दोघेही वाहक असतात, म्हणजे प्रत्येकाकडे जीनची एक प्रत सदोष आणि एक चांगली असते, आणि वाहकाला स्वतःला आजार होत नाही. मुलाच्या काका, आत्या, मामा, मावशी यांच्यापैकी प्रत्येक जण वाहक असण्याची शक्यता निम्मी. धडधाकट भावंडं वाहक असण्याची शक्यता तीनात दोन. त्यांच्या लग्नाची बोलणी नात्यातच चालली असतील तर साखरपुड्याआधी दोघांची ठरावीक जीनबदलांची तपासणी करून घ्यावी. घरातले बदल माहीत असल्यामुळे पूर्ण जीन वाचायची गरज नसते, तेवढीच जागा तपासतात.